जांभळी चौकट

हौसाच्या गालावर डॉक्टरांनी जांभळ्या औषधाची चौकट काढली, तेव्हा काशीरामच्या मनात पहिला विचार आला तो हा, की वरची रेघ वाकडी आलीय.

त्याला तसं वाटणं साहजिक होतं. पनवेलच्या खाडीवरल्या मिठागरात गोणींवर व्यापाऱ्याची खूण घालायचं काम त्याच्याकडे होतं. जांभळी बुकणी पाण्यात कालवायची, काथ्याचा कुंचला बुडवायचा आणि भरल्या गोणीवर चौकट ओढून आत अक्षर टाकायचं. बाकीच्या आगरांवर कापलेला पत्रा ठेवून खूण मारत. काशीरामनं पत्र्याला कधी हात लावला नाही. वीस वर्षं तो नुसत्या हातानं चौकटी ओढत होता, आणि शंभर गोणी एकावर एक रचल्या तरी चौकटीखाली चौकट येत होती. शाळेत तो चार दिवस टिकला नव्हता. पण ह्या हाताचा त्याला गर्व होता. पुढं जे झालं ते ह्या गर्वानं झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

साल एकसष्ट. हौसाच्या उजव्या गालात आतून गाठ धरली होती. तीस वर्षं ती त्याच बाजूला मशेरीची चिमूट धरायची. गावातल्या डॉक्टरानं दाढ दुखते म्हणून दोन महिने गुळण्या करायला लावल्या. मग गाठ बाहेरून हाताला लागू लागली, तोंड उघडेनासं झालं, तेव्हा कुठं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासला आणि तीस लाईट द्यायचे ठरले. लाईट म्हणजे मशीनमधून सोडलेली किरणं. सोमवार ते शुक्रवार रोज एक. तेवढे दिवस धर्मशाळेत राहायचं, शनिवारी एस.टी.नं ठाण्यावरून पनवेलला यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत.

चौकट काढताना डॉक्टर मशीनवाल्याशी इंग्रजीत बोलत होते. हौसाशी ते एकच वाक्य बोलले, "बाई, ही खूण पुसायची नाही." का पुसायची नाही, चुकून पुसली तर काय होतं, काय करायचं, ह्यातलं काही नाही. गाल हौसाचा, गाठ हौसाची, आणि हौसालाच दोन गोष्टी समजावायला त्या अख्ख्या इमारतीत कुणाला सवड नव्हती. रोगाचं नावसुद्धा तिच्यापासून लपवलेलं. ते डॉक्टरांनी काशीरामला दाराबाहेर बोलावून सांगितलं, आणि वर बजावलं, "पेशंटला बोलू नका, धीर सोडतील." काशीराम आत येऊन बायकोला म्हणाला, "गाठ हाय. लाईटनी विरघळेल."

आळीला मात्र नाव बरोबर कळलं. कळल्याबरोबर हौसाची कळशी विहिरीवर वेगळ्या दगडावर गेली. काशीरामचा धाकटा भाऊ आनंदा एका भिंतीपलीकडे राहायचा. त्याच्याकडे गेलं की हौसाला चहा करवंटीत मिळू लागला. प्यायचा आणि करवंटी चुलीत टाकायची. आनंदा मान खाली घालून म्हणाला, "वयनी, राग नको धरू. पोराबाळांचा घर हाय." ह्याच आनंदाची थोरली पोर, शांती, हौसानं न्हाऊमाखू घालून वाढवली होती. हौसाला स्वतःचं मूल नव्हतं. तेव्हा ती पोर हौसाच्या ताटातलं उष्टं खाताना कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं.

सोबतीला आली ती परकी बाई. मोहल्ल्यातल्या गुलशनबी. त्यांचे मालक जमालमियाँ गळ्याच्या कॅन्सरनं मागच्या पावसाळ्यात गेले. वर्षभर त्या इस्पितळाच्या वाऱ्या करून गुलशनबींना सगळं पाठ झालं होतं: कागद कुठल्या खिडकीवर काढायचा, कुठला शिपाई कटकट्या, कुठली नर्स बोलते आणि कुठली नुसती बोट दाखवते. एस.टी.त काशीरामला चुकीची चिठ्ठी धरून बसलेला पाहिला आणि त्या म्हणाल्या, "भाऊ, ही चिठ्ठी घेऊन गेलात तर दिवस जाईल. मी येते." तेव्हापासून दर सोमवारी यायच्या. दोन्ही आळ्यांत कुजबुज झाली. गुलशनबी म्हणायच्या, "बोलू दे. तोंडं चांगली आहेत त्यांची, वापरतात."

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी शांतीची हळद होती. पंधरा लाईट झाले होते. हौसाच्या तोंडात आतून साल गेलेलं, मिठाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. गार पेजेवर दिवस चालले होते. चौकटीतली कातडी करपल्यासारखी काळपट दिसू लागली होती. आनंदानं सकाळीच येऊन सांगितलं, "दादा, पावणे येतील. वयनी मागल्या पडवीत बसली तर बरा." काशीराम हो म्हणाला. ज्या भावाला त्यानं खांद्यावर बसवून बाजार दाखवला, त्याच्या कानाखाली एक ओढायची, ते सोडून हो म्हणाला.

मांडवात गाणी सुरू झाली. हौसा पडवीत गवऱ्यांच्या ढिगाशेजारी बसून ऐकत होती. आणि आनंदाची बायको भामा, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं माखलेले, मागल्या दारानं आली.

"ऊठ बाय."

"नको गो भामे. आनंदाभावजी वरडतील."

"वरडू दे. राती तो माज्याच हातचा जेवनार हाय. पोर अडून बसलीय, पयली हळद मोठीआयची. ऊठ बोलते ना!"

भामानं तिला दंडाला धरून मांडवात आणलं. गाणं क्षणभर थांबलं. हौसानं शांतीला हळद लावली. मग शांती पाटावरून उठली आणि तेलात कालवलेली हळद दोन्ही तळव्यांनी हौसाच्या गालांना चोळली. मग भामानं चोळली. मग एकेक करून आळीतल्या बायका पुढं झाल्या. ज्यांनी तिची कळशी वेगळी केली होती त्याच. कुणी कपाळाला लावली, कुणी मानेला, कुणी गालाला. हौसाचं तोंड एक बोटभर उघडत होतं. तेवढ्यातून ती हसली.

काशीराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. जांभळ्या रेघा हळदीखाली जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिल्या. एका हाकेनं थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. चार महिन्यांत बायकोला कुणी हात लावला नव्हता, आणि ती मनापासून हसलीही नव्हती. खुणेचं काय, उद्या बघू, असं त्याला वाटलं.

रविवारी दुपारी वरात गेली. हौसानं तोंडावरचं तेल पुसलं आणि आरसा घेतला. चेहरा पिवळाधमक, चौकटीचा मागमूस नाही. तिनं आरसा पालथा ठेवला.

"आता मना हाकलतील."

तिची भीती पोकळ नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात दोघांनी पाहिलं होतं: घाटावरचा एक माणूस सुगीसाठी आठ दिवस घरी राहिला, परत आला तर खिडकीवरल्या कारकुनानं सगळ्यांसमोर त्याचा कागद भिरकावला होता. "ऐकायचं नसेल तर येता कशाला? जागा अडवायला?" तो माणूस कागद उचलून गेला तो पुन्हा दिसला नाही.

"तुमी काढा," हौसा म्हणाली.

"मी?"

"तुमच्याहून सरळ कोन काढील? त्या दाक्तराची रेघ वाकडी हाय, तुमीच बोललाव."

हे ऐकल्यावर काशीराम थांबणार कसला. बुकणी घरात होतीच, इस्पितळातल्या औषधाच्याच रंगाची. काडीला कापूस गुंडाळला. एक कोपरा कानाच्या पाळीशी, एक डोळ्याखाली, एक ओठाशी, एक जबड्यावर; आठवून आठवून चार ठिपके दिले आणि पिवळ्या गालावर श्वास रोखून चार रेघा ओढल्या. झकास आल्या. हौसानं आरशात पाहिलं.

"शोभते बगा, यापाऱ्याची गोण. आता वखारीत नेऊन रचा मना."

दोघं हसली.

सोमवारी गुलशनबींना पाहुणे होते, त्या आल्या नाहीत. मशीनवाल्यानं हौसाला फळीवर निजवलं, रेघ पाहिली, मशीन रेघेवर आणली, बटण दाबलं. कालची रेघ आणि आजची रेघ एकच का, हे पाहायचा पगार त्याला मिळत होता. त्यानं पाहिलं नाही. बाहेर साठ माणसं खोळंबली होती हेही खरं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पाच लाईट झाले. काशीराम मनात म्हणाला, जमलं.

शनिवारी पनवेलला आले. दुपारच्या उन्हात हौसा मागल्या अंगणात मान वर करून चूळ भरत होती. आठवड्याभरात हळदीचा पिवळेपणा उतरला होता. काशीराम सहज बघत होता. बघता बघता तो उठून उभा राहिला.

करपलेली काळी कातडी त्याच्या चौकटीच्या बाहेर होती. खालची रेघ त्यानं ओढली होती तिच्याखाली दोन बोटं काळं दिसत होतं, पार जबड्याच्या कडेपर्यंत. आणि वरची रेघ डोळ्याखालच्या स्वच्छ कातडीवर. हळदीनं सगळा गाल एकसारखा केला होता, म्हणून त्या दिवशी हे कळलं नव्हतं. सगळी चौकट दोन बोटं वर सरकली होती. रेघा सरळ होत्या, सुतात होत्या, आणि चुकीच्या जागी होत्या. गाठ खाली, जबड्याजवळ.

तो तसाच आत गेला, वाटीत बुकणी काढली, पाणी घातलं. ती निजली की जुन्या रेघा खोबरेल लावून पुसायच्या आणि दोन बोटं खाली नव्या काढायच्या. आता काळी कातडी दिसतेय, चुकायचं कारण नाही. मशीनवाल्याला कळायचं नाही. कुणालाच कळायचं नाही.

"काय रंगवताय, भाऊ?"

गुलशनबी दारात उभ्या. हातात झाकलेली वाटी. हौसासाठी तांदळाची गार खीर आणली होती. काशीरामनं बुकणीची वाटी मागं सारली. गुलशनबींनी ती पाहिली, मग अंगणातल्या हौसाकडे पाहिलं, बराच वेळ. मग उंबऱ्यावर बसल्या.

"कधी पुसली?"

"हळदीला."

"आणि तुम्ही काढली. किती लाईट गेले?"

"पाच."

"या अल्ला."

"परत बरोबर काढतो. आता दिसतंय मना."

"मग ते पाच कोण मोजणार? डॉक्टर म्हणणार, पंचवीस झाले, तीस झाले, घरी जा. त्यांच्या वहीत वीस पुरे झालेत, भाऊ. तिच्या गाठीला पंधराच मिळालेत."

हे काशीरामच्या डोक्यात आलंच नव्हतं. तरी तो म्हणाला, "सांगितला तर हाकलतील."

गुलशनबींनी पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. "यांच्या थुंकीतून रक्त पडायचं. आठ दिवस. डॉक्टरांना कळलं तर लाईट बंद करतील म्हणून मी लपवलं. रुमाल धुवायचे, चोरून वाळत घालायचे. डॉक्टर रोज विचारायचे, ठीक आहे ना सगळं? मी म्हणायचे, हो साहेब, ठीक. नवव्या दिवशी रक्त थांबेना. सांगितलं असतं तर हे जगले असते, असं मी म्हणत नाही. पण आता मला ते कधीच कळणार नाही. कुणाला विचारू?"

काशीराम वाटीतल्या जांभळ्या पाण्याकडे बघत राहिला.

"हाकलू दे," गुलशनबी उठल्या. "दारात बसू. मी बसते तुमच्याबरोबर. मला तिथं सगळे ओळखतात, उचलून फेकणार नाहीत. पण आधी हिला सांगा. गाल हिचा आहे."

त्यानं ती वाटी परसात ओतली आणि हौसाजवळ जाऊन सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर झालं नसतं. हौसानं जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दोन बोटं मोजली.

"पाची दिस?"

"पाची."

तिनं बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "कॅन्सर हाय ना मना?"

"तुला कुनी सांगितला?"

"करवंटीत चाय देतात. अजून कुनी सांगायचा?" ती त्याच्यावर पहिल्यांदा चिडली. "मना सगळा ठाऊक हाय, आनि मना ठाऊक नसल असा तुमी धरून चाललाव. चार मयनं मी तुमच्यासाठी तोंड हसरा करून बसते, आनि तुमी माज्यासाठी. कोन कोनाला फसवतंय?"

 तो तिच्या पायाशी बसला आणि रडला. हौसानं त्याला रडू दिलं, आणि मध्येच खिरीची वाटी ओढून घेऊन चमच्यानं खायला लागली.

सोमवारी तिघं इस्पितळात गेली. काशीरामनं मशीनवाल्याला सांगितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तो ओरडायला लागला, कारण ओरडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. ऐकून घेतलं आणि तेही सुरू झाले.

"अक्कल आहे का तुम्हाला? एवढी साधी गोष्ट सांगितली होती! तुम्ही लोक घरी जाऊन काय वाटेल ते करता आणि मग आमच्या नावानं रडता!"

"चूक माजी हाय," काशीराम म्हणाला. "तिची नाय. मना बोला."

"तुम्हालाच बोलतोय!"

"बोला," हौसा मध्ये पडली. तोंड उघडत नव्हतं, शब्द दातांमागून येत होते. "पन एक इचारते, दाक्तर. पुसायची नाय बोललाव. का नाय, ता कुनी सांगितला? मी काय भिताड हाय, जायरात चिकटवायला? लाईट कुठं पडते, कुठं नाय, मना काय ठाऊक? कॅन्सर हाय ता पन मना आळीनी सांगितला."

 डॉक्टरांनी मशीनवाल्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं. तो जमिनीकडे बघू लागला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. वय फार नव्हतं त्यांचं. मग एक स्टूल ओढलं आणि हौसासमोर बसले.

"बसा बाई. सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. मराठीत, पाच-सात मिनिटांत. लाईट फक्त चौकटीत पडतो, बाहेर कणभर नाही. गेल्या आठवड्यात गाठीचा वरचा भाग भाजला, खालचा नाही. डोळ्याखाली चांगली कातडी भाजली, ती लाल होईल, डोळा जपायचा. गाठ पुरती मरायला लाईट सलग लागतात. मध्ये खंड पडला की ती पुन्हा उभारी धरते. पाच जास्तीचे देऊ. त्यानं भरून निघेल का, ते सांगता येणार नाही.

"बरी व्हनार का मी?"

डॉक्टरांनी काशीरामकडे पाहिलं. हौसा म्हणाली, "त्यांच्याकडं नका बगू."

"शंभरात चाळीस बरे होतात," डॉक्टर म्हणाले. "तुमचे आता थोडे कमी."

हौसानं मान हलवली. विहिरीचं पाणी किती उतरलं ते ऐकावं तसं ऐकलं. मग तिनं पोलक्याची बाही वर सरकवली. दंडावर, मनगटावर हिरवी गोंदणं होती: तुळस, विंचू, चांदणी.

"ही माज्या आयनी आठव्या वर्षी काढून घेतली. किती घासली, गेली नाय. तुमची रेघ पुसली जाते, तर तुमी गोंदवत का नाय? चार कोपऱ्याला चार टिपके. मंग कोन पुसतंय?"

डॉक्टर तिच्या दंडाकडे बघत राहिले. "करतात तसं," ते हळूच म्हणाले. "इथं चेहऱ्यावर कुणी तयार होत नाही, म्हणून आम्ही विचारत नाही."

"इचारा की. इचारायला काय जातंय?"

अर्ध्या तासानं सुई आणि काळी शाई आली. डॉक्टरांनी काळपट कातडीची कड बोटांनी चाचपून स्वतः चार ठिपके टोचले. हौसा हूं की चूं न करता बसली. मग ती मशीनच्या खोलीत गेली आणि लोखंडी दार लागलं.

काशीराम बाहेर बाकावर आला. गुलशनबी तिथं एका नव्या पोरीच्या सासूला कुठली खिडकी ते सांगत होत्या. शेजारी एक म्हातारा बसला होता, घाटावरचा, गळ्याभोवती मफलर करकचून गुंडाळलेला. त्यानं आतला सगळा आरडाओरडा ऐकला होता. इकडेतिकडे बघत तो काशीरामकडे सरकला आणि मफलर थोडा खाली ओढला. मानेवर जांभळ्या रेघांचा फराटा उरला होता, आणि त्यावरून एक नवी वेडीवाकडी रेघ.

"ह्या मफलरनं घासली गेली," म्हातारा कुजबुजला. "दोन दिस झाले. मी तशीच अंदाजानं वढली... तुमास्नी लई बोलले का वो?"

"बोलले," काशीराम म्हणाला.

"मग नगं बाबा. चाललंय ते चालू द्यावं."

काशीरामनं त्याला हाताला धरून उठवलं. "चला. शिव्या देतील, त्या खायच्या. आनि खाऊन झाल्या का इचारायचा, लाईट नक्की कुठं पडते. सांगीपरयंत बाहेर नाय यायचा. मी हाय दारात."